खडकीच्या अप्पांचं निधन

अप्पांना आता जायला हवं, असं उत्तरेश्वरराव लोमट्यांनी एका गुरुवारी सकाळी ठरवलं. घरात तशी काही कमी-जास्त घटना घडली नव्हती. हिराताई देवापुढे बसून पोथीचा रोजचा अध्याय वाचत होत्या. कुकरची एक शिट्टी होऊन गेली होती. खाली पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीमागे कुणीतरी गाडी लावली होती आणि त्याबद्दल हॉर्न चालला होता. हडपसरात रोज उजाडते तशीच सकाळ उजाडली होती. अशा सकाळी कुणाचा जीव घ्यावा असं सहसा मनात येत नाही. पण उत्तरेश्वररावांना दुसरी वाट उरली नव्हती.

आधीच खुलासा केलेला बरा. अप्पा हाडामांसाचे नव्हते. रविवारच्या पुरवणीत उत्तरेश्वररावांचं 'उत्तरपक्ष' नावाचं सदर यायचं, अप्पांचा मुक्काम त्या सदरात होता. एकोणीस वर्षांपूर्वी पहिला लेख लिहिताना खाली चार ओळींची जागा मोकळी राहिली. तेव्हाचे, आता हयात नसलेले, संपादक फोनवर म्हणाले होते, "शेवटी एखादा सामान्य माणूस टाका हो. बरं दिसतं." उत्तरेश्वररावांनी एक सामान्य माणूस टाकला. दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेला, खडकीत राहणारा, अप्पा नावाचा. खडकी अशासाठी की हडपसरहून कामाशिवाय कुणी खडकीला जात नाही. लेख होता रस्त्यांच्या खोदाईवर, आणि अप्पा त्यात म्हणाले, 'रस्ता खणलेला दिसला की मला बरं वाटतं. म्हणजे इथे रस्ता होता.'

पुढच्या आठवड्यात पत्रं आली. सगळी अप्पांना होती. एकात तळाशी 'लेखकासही नमस्कार सांगणे' असं लिहिलेलं होतं, त्याचा उत्तरेश्वररावांना त्या वेळी आनंदच झाला.

कारण त्या वेळी त्यांना नमस्कारांची टंचाई नव्हती. ते टीव्हीवर होते. पुराच्या पाण्यात, मोर्चाच्या तोंडाशी, मंत्र्याच्या गाडीच्या काचेशी, जिथे म्हणून उभं राहू नये तिथे उभं राहून ते बोलत असत आणि लोक जेवता जेवता त्यांच्याकडे बघत असत. पुढे वाहिनीने चेहरा बदलायचं ठरवलं, आणि जो चेहरा बदलायचा तो उत्तरेश्वररावांचा निघाला. काही दिवस त्यांना चर्चेला बोलवत. पडद्यावर आठ चौकटी असत, त्यातल्या खालच्या कोपऱ्यात ते असत. शेवटच्या चर्चेत ते अर्धा तास पोटतिडकीने बोलले. घरी आल्यावर हिराताई म्हणाल्या, "आज तुम्ही छान दिसत होतात. आवाज नव्हता फक्त." माइक सुरूच केला नव्हता. चर्चा मात्र दणक्यात झाली होती, असं सगळ्यांचं मत पडलं.

तर आता उरलं होतं ते सदर. आठवड्यातून एकदा आठशे शब्द आणि वर नखाएवढा फोटो. मंडईत एखादी बाई भेंडी निवडता निवडता थांबून विचारायची, "तुम्ही ते अप्पांचे ना?" आणि उत्तरेश्वरराव मान डोलवायचे. आपण कुणाचे तरी आहोत एवढं तरी होतं.

आणि त्याच सदरावर गंडांतर आलं. पुरवणीला अपेक्षा नावाची नवी संपादक आली होती. मुलगी हुशार, बोलायला गोड, फक्त तिचं वाक्य संपलं की नाही ते कळायचं नाही. तिने फोन केला.

"सर, आपण पुरवणी रिव्हॅम्प करतोय. तर जुनी सदरं थोडी, म्हणजे, वी आर टेकिंग अ कॉल. पण तुमचं वेगळं आहे. अप्पांचा एंगेजमेंट जबरदस्त आहे सर. वर्धापनदिनाच्या वाचक मेळाव्याला अप्पा स्टेजवर आले ना, तर सदर मी कुणाला हात लावू देणार नाही. एक रील पण करू. अप्पा, खडकी स्टेशन, चहा. ऑथेंटिक."

"आणि नाही आले तर?"

"का नाही येणार, सर?"

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं आणि ते देण्याची ती वेळ होती. पण माणूस खरं उत्तर पुढच्या फोनला देऊ असं म्हणतो. उत्तरेश्वरराव म्हणाले, "त्यांची तब्येत जरा बरी नाही."

इथून पुढे जे झालं त्यात त्यांचा दोष म्हटला तर हे एक वाक्य. अपेक्षाने संध्याकाळच्या आत वर्तमानपत्राच्या फेसबुक पानावर टाकलं, 'आपले लाडके अप्पा आजारी आहेत. त्यांच्यासाठी एक प्रार्थना.' खाली हात जोडलेली चित्रं मोजता येऊ नयेत इतकी जमली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या मजल्यावरचे आनंदराव परचुरे मोसंबी घेऊन दारात उभे राहिले.

आनंदराव दूरध्वनी खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या होत्या आणि आता ती थकबाकी ते समाजाकडून वसूल करत होते. सोसायटीत नळ गळो, लग्न जमो, कुणाचं पोट बिघडो, आनंदरावांचा सल्ला आधी यायचा, मग प्लंबर.

"कुठे ठेवलंय त्यांना?" त्यांनी विचारलं.

"दवाखान्यात."

"दवाखान्यातच ठेवतात. कुठल्या?"

"आयसीयूत."

"लोमटे, आयसीयू हे दवाखान्याचं नाव नाही."

उत्तरेश्वररावांनी घाईघाईने अप्पांना कँटोन्मेंटच्या हद्दीत हलवलं. तिथे पास लागतो, बाहेरच्यांना सोडत नाहीत, असं सांगितलं.

"पासचं माझ्याकडे लागलं," आनंदराव म्हणाले. "माझे साडू डिफेन्सला होते. शनिवारी जाऊ. तुमची गाडी काढा, माझीचं सर्व्हिसिंग आहे. आणि अहो, मोसंबी नको, शहाळं न्यायला हवं होतं. ही तुम्हीच खा." असं म्हणून त्यांनी मोसंबी टेबलावर ठेवली. तेवढ्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या पद्मजाताईंचा फोन आला, की शनिवारी त्याही येणार आहेत, आणि त्यांना खिडकीची जागा लागते.

आनंदरावांची ही भेट बुधवारी झाली. म्हणून गुरुवारी सकाळी उत्तरेश्वरराव म्हणाले, "हिरा, अप्पांना संपवतो आज."

हिराताईंनी अध्याय पुरा केला, पोथीला हात जोडले, ती लाल फडक्यात बांधली आणि मगच मान वळवली. "गुरुवार आहे," त्या म्हणाल्या.

"मजकूर आजच द्यावा लागतो."

"पण तो माणूस नव्हताच ना?"

"नव्हताच."

"मग मारताय कशाला?"

उभी हयात भल्याभल्यांना प्रश्न विचारण्यात गेलेल्या उत्तरेश्वररावांवर उत्तर देण्याची वेळ आली. ते म्हणाले, "जिवंत ठेवला तर शनिवारी आनंदराव भेटायला जाणार."

"त्यांना खरं सांगा."

"आनंदरावांना?"

हिराताईंनी विषय सोडला. देवाधर्माची बाई असली तरी तीही त्याच सोसायटीत राहत होती.

मग उत्तरेश्वररावांनी लिहायला घेतलं. हिशोब साधा होता. अप्पा गेले की मेळाव्याचा, रीलचा, पासचा प्रश्न मिटतो. लेख हृदयाला हात घालणारा झाला की वाचक हळहळतात. आणि हळहळणाऱ्या वाचकांपुढे कुठली संपादक सदर बंद करील? पण लिहिता लिहिता हिशोब कुठल्या कुठे राहिला. अप्पा खाटेवर पडलेले त्यांना दिसायला लागले. उशाशी कारखान्यातून निवृत्तीच्या वेळी मिळालेलं घड्याळ. अप्पा म्हणाले, 'सगळ्यांना सांग, मी वेळेवर निघालो. या शहरात एवढं तरी वेळेवर झालं.' उत्तरेश्वररावांचे डोळे भरून आले. पुरात कमरेइतक्या पाण्यात उभं राहूनही जे कधी झालं नव्हतं ते झालं. त्यांनी चष्मा पुसला, लेख पाठवला, अप्पा गेल्याचं आनंदरावांना फोनवर कळवलं आणि साबुदाण्याची खिचडी न खाता पडून राहिले.

रविवारी लेख आला. सकाळी सकाळी अपेक्षाचा फोन, "सर, काय लिहिलंय! मी कॅबमध्ये रडले." सदराबद्दल ती काही बोलली नाही. उत्तरेश्वररावांनीही विचारलं नाही. ज्याच्या घरी नुकतंच माणूस गेलंय त्याने लगेच पोटापाण्याचं बोलू नये, एवढं त्यांना कळत होतं.

दूध आणायला ते खाली उतरले तर फाटकापाशी लोक भेटायला थांबलेले. कुणी हात हातात घेतला, कुणी खांद्यावर ठेवला. उत्तरेश्वररावांचे स्वतःचे वडील अंबाजोगाईला वारले तेव्हा यांतल्या एकानेही विचारलं नव्हतं, कारण कुणाला माहीतच नव्हतं. आनंदराव काळी पँट घालून आले आणि जरा दुखावल्यासारखे म्हणाले, "शनिवारपर्यंत थांबायला हवं होतं त्यांनी. पास झाला होता."

हिराताईंनी मात्र वेगळंच मनावर घेतलं. संध्याकाळी त्यांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर एक पणती लावली, वात दक्षिणेकडे करून.

"हे काय?" उत्तरेश्वररावांनी विचारलं.

"अप्पांसाठी. तेरा दिवस लावीन म्हणते."

"हिरा, तो नव्हता गं!"

"म्हणूनच. नव्हता त्याचं करणारंही कुणी नाही. एकोणीस वर्षं त्यांच्या नावावर या घरात गहू आला." मग हळूच म्हणाल्या, "मी गुरुजींना फोन केला होता. म्हटलं, नसलेल्या माणसाचं सुतक असतं का?"

"काय म्हणाले?"

"गोत्र विचारलं."

एवढ्यावर थांबलं असतं तर दुःख काळाबरोबर ओसरलं असतं. पण सोमवारी भेकराईच्या बाजूला कमानीवर फ्लेक्स लागला. 'भावपूर्ण श्रद्धांजली. पुण्यनगरीचा आवाज हरपला. खडकीभूषण अप्पा.' खाली शोकाकुल म्हणून साईनाथ, भावी नगरसेवक, हात जोडून, गॉगलसह. हा साईनाथ तिथल्याच गाववाल्यांपैकी. आजोबांची जमीन टाउनशिपखाली गेली, वडिलांनी वीट-वाळूचा धंदा केला, आणि आता साईनाथला समाजकारण करायचं होतं. निवडणूक कधी लागेल ते सांगता येत नव्हतं, पण साईनाथ भावी होता आणि बराच काळ भावीच होता.

उत्तरेश्वरराव फ्लेक्सपाशी थबकले ते मजकुरामुळे नव्हे. वर मधोमध, हार घातलेला, अप्पांचा फोटो होता. पांढरे केस, खाली आलेला चष्मा, तोंडाचा एक कोपरा उपरोधाने वर गेलेला. दहा वर्षांनंतरचे उत्तरेश्वरराव जसे दिसतील, तसाच.

त्यांनी तिथूनच साईनाथला फोन लावला. "हा फोटो कुठून आणला?"

"कंप्युटरवर बनवला, सर. पोरानला म्हनलं, अप्पांचा फोटू न्हाई कुठं. तर त्यांनी तुमचे समदे लेख त्या एआयमदी टाकले आन् म्हनले, असं बोलनारा मानूस कसा दिसंल ते दाव. त्यानं हा दावला. बरा आलाय का?"

"माझ्यासारखा दिसतोय तो."

"असं व्हतं सर," साईनाथ समजुतीने म्हणाला. "लई दिवस एकत्र काढले की चेहरे सारखे व्हत्यात. आमच्या आजोबांचा आन् त्यांच्या बैलाचा बी झालता."

त्या रस्त्याने हिराताई दर सोमवारी महादेवाला जात. त्या दिवशी त्या अर्ध्यातून परत आल्या, कपाटातून मंगळसूत्र काढून डोळ्यांना लावलं, नवऱ्याला समोर बसवून त्यांच्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि म्हणाल्या, "तो फ्लेक्स उतरवायला लावा." पण श्रद्धांजलीचा फ्लेक्स दहाव्यापर्यंत काढत नाहीत, असं साईनाथचं म्हणणं पडलं. शिवाय मागच्या बाजूला त्याच्या वाढदिवसाचा होता, दोन्ही एकाच बांबूवर.

साईनाथची भूक तेवढ्याने भागणार नव्हती. सोसायटीपुढच्या मोकळ्या जागेत ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्राची शेड होती, तिला अप्पांचं नाव द्यायचं त्याने जाहीर करून टाकलं. मग त्याने उत्तरेश्वररावांना गाडीत घातलं आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात नेलं. आनंदराव सल्ल्यासाठी मागे बसले. उत्तरेश्वरराव आले ते एका आशेने. सरकारी कचेरीत तरी हे प्रकरण अडेल, अशी ती आशा होती. नागरिकाच्या आयुष्यात अशी आशा क्वचित येते.

टेबलामागच्या साहेबांनी अर्ज बघितला. "पूर्ण नाव?"

"अप्पा," साईनाथ म्हणाला.

"आडनाव?"

तिघांनीही एकमेकांकडे बघितलं. "ते आडनाव लावत नसत," आनंदराव म्हणाले. "तत्त्वाचा माणूस होता."

"मृत्यूचा दाखला जोडलेला नाही."

"नाही," उत्तरेश्वरराव उत्साहाने म्हणाले. "नाहीच तो. मिळणारही नाही."

"मग ते आमच्या दृष्टीने हयात आहेत. हयात व्यक्तीचं नाव देता येत नाही."

"बरोबर!" उत्तरेश्वरराव म्हणाले. "अगदी बरोबर. आणि साहेब, खरं सांगायचं तर तो माणूस जन्मालाच आलेला नाही."

साहेबांनी पहिल्यांदाच वर बघितलं. चेहऱ्यावर ना आश्चर्य, ना राग. अशी माणसं रोज येत असावीत. "म्हणजे जन्माची नोंद नाही," ते म्हणाले. "मग आधी विलंबाने जन्मनोंद करून घ्या. त्याला वरून आदेश लागतो. तो आणला की मृत्यूची नोंद होईल. आधी मृत्यू नोंदवून मग जन्म नोंदवू नका, सिस्टीम घेत नाही."

"आणि त्यानंतर नाव मिळंल?" साईनाथने विचारलं.

"वारसांचा ना हरकत दाखला लागेल. वारस कोण?"

साईनाथने आणि आनंदरावांनी एकाच वेळी उत्तरेश्वररावांकडे बघितलं. साहेबांनी भिंतीला टेकवलेल्या फ्लेक्सच्या फोटोकडे, कारण साईनाथने एक छोटी प्रत तिथेही आणली होती, आणि मग उत्तरेश्वररावांच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मुलगा का?" त्यांनी विचारलं. "दिसतंच आहे."

बाहेर आल्यावर आनंदरावांनी उत्तरेश्वररावांच्या पाठीवर हात ठेवला. "जन्मालाच आला नाही, असं बोलू नये हो गेलेल्या माणसाबद्दल. तेसुद्धा सरकारी कचेरीत."

दाखल्यांचं काम लांबणार असं दिसल्यावर साईनाथने निदान शोकसभा उरकून घ्यायचं ठरवलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या, गाड्या बाहेर काढायला लावल्या. त्यावरून दोन भांडणं झाली, पण दुःखद प्रसंग म्हणून हळू आवाजात. टेबलावर तोच फोटो, हार, उदबत्ती. अपेक्षा फोनचं स्टँड घेऊन आली होती. पार्किंगभर माणूस. उत्तरेश्वररावांना टीव्हीत असतानाही एवढे लोक एका जागी बघितल्याचं आठवेना, निदान स्वतःसाठी जमलेले तरी नाहीच.

आनंदराव उठले. "अप्पांची माझी पहिली भेट खडकी बाजारात झाली," त्यांनी सुरुवात केली. उत्तरेश्वररावांनी दचकून वर बघितलं. "मी वांगी घेत होतो. मागून आवाज आला, 'वांगं दाबून बघू नका, त्यालाही वय झालंय.' वळून बघतो तो अप्पा!" सगळे हसले, मग डोळ्यांना रुमाल लागले. आनंदराव खोटं बोलत होते असंही म्हणता येईना. त्यांचा चेहरा इतका भरून आला होता की ते वांगं त्यांच्या हातात दिसत होतं. मग पद्मजाताईंनी सांगितलं, की अप्पा त्यांना बसमध्ये जागा देऊन म्हणाले होते, 'बसा. उतरण्याची वेळ आली की कुणीतरी उठवेलच.' मग कुणाची छत्री, कुणाचा रक्तदाब, कुणाच्या मुलीचं लग्न. प्रत्येकाकडे एकेक अप्पा होते, आणि उत्तरेश्वररावांना सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की त्यांतले काही चांगले होते. वांग्याचं वाक्य त्यांना स्वतःला सुचलं नव्हतं.

शेवटी सूत्रसंचालक म्हणाला, "अप्पांचे शब्द जे आपल्यापर्यंत पोचवायचे, ते लोमटे दोन मिनिटांत मनोगत व्यक्त करतील. वेळ झालेली आहे."

पोचवायचे. पोस्टमनसारखे. उत्तरेश्वरराव माइकपाशी गेले. एकोणीस वर्षं आठवड्याला आठशे शब्द, थंडीतापात, हिराचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यातसुद्धा, आणि त्यातलं एकही वाक्य त्यांचं नव्हतं असं आता ठरत होतं. त्यांनी माइकवर बोट आपटून पाहिलं. चालू होता.

"अप्पा नावाचा माणूस कधी नव्हता," ते म्हणाले. "मी लिहिलेला आहे तो. पहिल्या शब्दापासून मी."

उदबत्तीची राख पडली तेवढीच. मग मागून कुणीतरी म्हणालं, "पाणी द्या त्यांना." एक बाई म्हणाली, "खूप लागलंय हो मनाला." आणि तिसऱ्या रांगेतून एक आवाज आला, पुण्याच्या पाण्याला शोभेल असा, "एकोणीस वर्षं त्याच्या जिवावर छापून आणलं, आणि आता माणूस गेल्यावर म्हणे माझंच. वा!"

"अहो, मी खरं सांगतोय," उत्तरेश्वरराव म्हणाले.

"लोमटे," आनंदराव माइक हळूच काढून घेत म्हणाले, "जाणाऱ्याचा मत्सर करू नये. चला, दोन मिनिटं उभे राहू."

सगळे उभे राहिले. उत्तरेश्वररावही राहिले, दुसरं काय करणार? अप्पांच्या फोटोपुढे मान खाली घालून ते स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

सभा संपल्यावर अपेक्षा जवळ आली. तिचे डोळे खरंच ओले होते. "सर, ते जे तुम्ही बोललात ना, डिनायल, इतकं रॉ होतं. मी टाकतेय ते. आणि सर, सदराबद्दल." ती थोडी अडखळली. "अप्पांशिवाय उत्तरपक्ष वाचकांना फार जड जाईल. म्हणजे त्यांनाच दुखेल. तर आपण तिथे सन्मानाने थांबू या?"

"मी दुसरं काही लिहीन. अप्पांशिवाय."

"सर," अपेक्षा इतक्या मऊ आवाजात म्हणाली की रागही धरता येईना, "तुमचं बोलणं नेहमी थोडं लांबतं ना. अप्पा आले की मग वाचायचे लोक."

सदर थांबलं. अप्पांचा तेरावा होऊन गेला, पणती धुऊन फडताळात गेली. आणि त्याच जागी, त्याच चौकटीत, नखाएवढ्या फोटोसह नवं सदर सुरू झालं, 'अप्पा म्हणायचे'. लेखक आनंद परचुरे.

उत्तरेश्वररावांनी एका ओळखीच्या वकिलांना विचारून पाहिलं. वकील म्हणाले, "तुमच्या कल्पनेतलं पात्र असतं तर लढलो असतो. पण तो खरा होता, वारला, हे तुम्हीच सहीनिशी छापलंय. खऱ्या माणसाच्या आठवणी कुणीही सांगू शकतो. तुमची आई काय म्हणायची ते मी लिहिलं तर तुम्ही काय करणार?"

आनंदराव मात्र दिलदार निघाले. पहिल्या लेखाचा अंक स्वतः वर घेऊन आले. "तुमच्यामुळेच हो," ते म्हणाले. "पुढे काही अडलं तर विचारीन. तसं अडत नाही म्हणा. बसलं की अप्पा बोलायलाच लागतात."

"हं," उत्तरेश्वरराव म्हणाले. "लागतात."

मग रविवार आले आणि गेले. उत्तरेश्वरराव पुरवणी बाजूला काढून घडी तशीच ठेवायचे. नमस्कार करणारेही पांगले. मंडईतली बाई एकदा थांबली, त्यांच्याकडे निरखून बघितलं आणि म्हणाली, "तुम्ही त्या फ्लेक्सवरच्यासारखे दिसता," आणि भेंडीकडे वळली.

एका रविवारी हिराताईंनी अध्याय संपवला, पोथी बांधली आणि कुणाला न विचारता ती घडी उलगडली. खिडकीशी बसून त्या वाचू लागल्या. वाचता वाचता हसल्या, पदर तोंडाशी नेऊन, नि:शब्द. उत्तरेश्वररावांना आठवेना की त्यांच्या एखाद्या लेखाला त्या अशा हसल्या होत्या. मग हसू ओसरलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"काय म्हणतो?" उत्तरेश्वररावांनी शेवटी विचारलं.

हिराताईंनी वाचून दाखवलं. "'अप्पा म्हणायचे, तो लोमटे भला माणूस. दर आठवड्याला येतो, मी बोलतो, तो लिहून घेतो, चहा पिऊन जातो. इतकी वर्षं झाली, पण अप्पा, तुम्ही कसे आहात, हे त्याने एकदाही विचारलं नाही.'"

खाली कुणीतरी कुणाच्या तरी गाडीला हॉर्न देत होतं. हिराताईंनी चष्मा काढला. अप्पा कोण होते, कुठून आले आणि का गेले, हे या जगात उत्तरेश्वररावांखेरीज फक्त त्यांना माहीत होतं.

"एकदा विचारायला हवं होतं हो तुम्ही," त्या म्हणाल्या.

उत्तरेश्वरराव तोंड उघडून काही सांगणार होते. मग त्यांनी पुरवणी हातात घेतली, ती ओळ स्वतः वाचली, पुन्हा वाचली.

"हो," ते म्हणाले. "राहून गेलं."